बाबा कामावर आहेत

‘वैयक्तिक निरोप कार्यालयाच्या नेटवर्कवरून पाठवता येत नाहीत. कृपया घरी जाऊन पुन्हा प्रयत्न करा.’

शैलेश डुबलनं हे वाचलं तेव्हा तो कऱ्हाडातल्या आपल्या घरात, जेवणाच्या टेबलाशी, बनियन-लेंग्यावर बसलेला होता. शेजारी डब्यातली दोडक्याची भाजी अर्धी उरली होती. आता याहून घरी म्हणजे कुठं जायचं, हे काही लॅपटॉप सांगत नव्हता.

गार्गीचा, त्याच्या मुलीचा, वाढदिवस होता. ती कोचीला समुद्रतळाचा अभ्यास करणाऱ्या एका कंपनीत होती. दोघांत भांडण असं नव्हतं, पण गेले कितीतरी दिवस तिचा एक ओळीचाही निरोप आला नव्हता आणि यानंही पाठवला नव्हता. पोरीला बापाची आठवण नसेल तर बापानं कशाला मागं लागायचं, असं त्याचं चाललं होतं. डुबलांच्या घरात रुसायला वयाची अट नव्हती. आज मात्र वाढदिवस म्हणून त्यानं मन मोठं केलं आणि लिहायला घेतलं, तर मशीन म्हणतंय घरी जा.

त्यानं पुन्हा लिहून पाहिलं. मशीननं पुन्हा घरी पाठवलं.

दोन दारांचा कायदा आला तेव्हा सगळ्यांनी त्याचं स्वागतच केलं होतं. त्याआधी माणसं घरी ताटावर बसून साहेबांना उत्तरं द्यायची आणि ऑफिसात बसून मुलांची गणितं सोडवायची. धड इथं नाही आणि धड तिथं नाही. कायद्यानं सांगितलं, लॅपटॉप एकच ठेवा, पण त्याला दारं दोन हवीत. ऑफिसच्या नेटवर्कवर कामाचं दार उघडेल, घरच्या नेटवर्कवर घरचं, आणि एक उघडलं की दुसरं बंद. फोन म्हणजे लॅपटॉपचंच धाकटं भावंड, तोही त्याच्याच मागून चालायचा. कामाचं दार उघडं असताना घरच्या कुणी निरोप धाडला किंवा फोन लावला तर तो उंबऱ्याबाहेर थांबायचा, आणि पाठवणाऱ्याला तुमच्या नावापुढं दिसायचं, ‘कामावर आहेत.’

प्रश्न होता तो घर ओळखायचं कसं हा. नेटवर्कचं नाव आणि राऊटरचा नंबर कुणीही नकलू शकतो. म्हणून मग मशीनं जागा ओळखू लागली ती लहरींवरून. राऊटरमधून निघालेल्या लहरी भिंतींवर, कपाटांवर आपटत खोलीभर फिरतात. माणूस म्हणजे बरंचसं पाणीच. तो मध्ये आला की लहर थोडी शोषली जाते, थोडी वळते. कोण कुठून कुठं गेलं, कुणाची चाल जड, कुणाची हलकी, किती माणसं एका वेळी वावरतात, या सगळ्याचा मिळून लहरींवर एक ठसा उमटतो. दोन घरांचा ठसा सहसा सारखा नसतो. आणि खरी गंमत पुढं होती. घरच्या दाराची किल्ली मशीनमध्ये कुठं ठेवलेलीच नसायची. दर वेळी त्या ठशातूनच ती नव्यानं घडायची. ठसा जुळला नाही तर किल्लीच तयार होत नाही, मग चोराला काय मिळणार?

मालकालाही मिळत नव्हती, हे शैलेशला आता कळत होतं. नाकापेक्षा मोती जड झाला होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं ऑफिसच्या संगणक विभागात तन्वी घोरपडेला गाठलं. मुलगी हुशार होती आणि मुख्य म्हणजे हसली तरी टिंगल केल्यासारखी हसत नसे. तिनं लॅपटॉप जोडला आणि बराच वेळ पाहत राहिली.

“सर, हा बऱ्याच दिवसांपासून तुमच्या घराला ऑफिसच समजतोय. तुमच्या लक्षात नाही आलं?”

“काम चाललं होतं सगळं.”

“हो, तेच. घरून संध्याकाळीसुद्धा कामाचं दार उघडंच आहे. तुमचं काम पण खूप झालंय. घर शिकवलं कधी होतं याला? मशीन नवीन आलं तेव्हा सलग काही दिवस शिकवावं लागतं ना?”

“गौरी-गणपतीत. रजा तेवढीच होती.”

तन्वी हसली. “सगळे तेच करतात, सर. म्हणून तर अर्ध्या कऱ्हाडची मशीनं घर म्हणजे गणपतीचं घरच समजतात. पंधरा-वीस माणसं, येणं-जाणं, आरती.”

शैलेशला ते दिवस आठवले. भाऊ निलेश, पल्लवी, त्यांची मुलं, आत्या, बायकोच्या, स्नेहलच्या, माहेरची माणसं. लॅपटॉप शोकेसवर ठेवलेला, आणि स्नेहल म्हणाली होती, “याला पण मोदक द्या, घरचाच झाला तो.” पुढच्याच वर्षी स्नेहल गेली. त्या वर्षी सुतक होतं म्हणून गणपती बसला नाही. त्याच्या पुढच्या वर्षी त्यानं निलेशला सांगून टाकलं, तुझ्याकडंच बसव. आणि ज्या घरात गणपती नाही तिथं माणसं कशाला येतील?

“पण त्यानंतरही उघडत होतं की,” तो म्हणाला.

“थोडी सूट असते त्यात. घरात दोघं-तिघं वावरली तरी तो जुळवून घेतो. तुमच्याकडं हल्ली कुणी यायचं थांबलंय का?”

गार्गी कोचीला गेली होती ती गेल्या वर्षी. पण तेव्हाही दार उघडत होतं, कारण सकाळ-संध्याकाळ आक्काताई स्वयंपाकाला यायच्या. पोळ्या लाटताना बडबडायच्या, भांडी आपटायच्या. वैशाखात त्यानंच त्यांना सांगितलं, एकट्यासाठी कशाला दोन वेळा चूल, मी डबा लावतो. तेव्हा सुंठीवाचून खोकला गेला असं त्याला वाटलं होतं. घराला घर ठेवणाऱ्या त्या शेवटच्या बाई होत्या, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात येणार?

तन्वीनं स्क्रीनवर दोन रेघा एकमेकींवर ठेवल्या. एक त्याच्या घरातली आजकालची, एक ऑफिसातल्या त्याच्या खोलीतली. दोन्ही जवळपास एकच होत्या. खुर्चीत बसलेला एक माणूस, अधूनमधून पाणी प्यायला उठणारा.

शैलेशला वेगळं समजवायची गरज नव्हती. पुलांवर यंत्रं बसवून त्यांची थरथर मोजायची, हेच त्याचं काम होतं. ट्रक गेला की उसाची ट्रॉली, हे तो नुसती रेघ बघून सांगे. भरलेला प्रत्येक पूल वेगळा थरथरतो. रिकामे पूल मात्र सगळे सारखेच दिसतात.

“सोपं आहे, सर. नव्यानं शिकवू या. एकटा माणूस म्हणजे घर. पहिल्यासारखे दिवस नाही लागत, एका दिवसाचं काम.”

“आणि जुन्या दाराआड जे अडकलंय ते?”

“ते जाईल. जुनी किल्लीच राहणार नाही ना. निरोप असले तर सगळे पुसले जातील.” तिनं त्याच्याकडं पाहिलं. “नाहीतर मग जुना ठसा एकदा जुळवायचा. दार उघडलं की त्या उघड्या दारातून दुसरा ठसा जोडता येतो, एकट्याचा. मग काही पुसलं जात नाही. दोन-तीन माणसं बोलवा घरी, चहाला वगैरे. एवढंच.”

“बोलवतो,” शैलेश म्हणाला. कुणाला, ते तिनं विचारलं नाही याचं त्याला बरं वाटलं.

घरी येऊन त्यानं आधी इंजिनियरचा मार्ग धरला. माणूस म्हणजे पाणीच ना? त्यानं चार खुर्च्यांवर ओले टॉवेल टाकले. फिरत्या स्टुलावर पाण्यानं भरलेली कळशी ठेवून स्टूल दोरीनं ओढत राहिला. टेबलफॅन लावून टॉवेल हलते केले, आणि स्वतः कधी पाय आपटत, कधी हलकं पाऊल टाकत या खोलीतून त्या खोलीत फिरला. पन्नाशी उलटलेला माणूस, घामाघूम झालेला. थोड्या वेळानं मशीननं विचारलं, ‘ही जागा कपडे धुण्याचा कारखाना आहे का?’

तो खुर्चीवरच्या ओल्या टॉवेलवर मट्‌कन बसला आणि मोठ्यानं हसला. मग त्याच्या लक्षात आलं की आपण हसलो तर ऐकायला कुणी नाही, आणि हसू आपोआप थांबलं.

रविवारी तो गाडी काढून उंब्रजला गेला. अर्ध्या तासाचा रस्ता, पण त्याला दोन वर्षं झाली होती. निलेशचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं आणि घर मागंच. निलेश गिऱ्हाइकाला बेअरिंग दाखवत होता. दादाला पाहून तो उठला नाही.

“मिळाली का सुट्टी?” तो म्हणाला.

“रविवार आहे.”

“आम्हाला म्हाईत हाय रविवार. तुला कधी असतो?” गिऱ्हाईक गेल्यावर तो पुढं बोलला, “दादा, दिवसा फोन केला, रात्री केला, पहाटं केला. कामावर आहेत. आत्या आजारी पडली तेव्हा केला, कामावर आहेत. म्हटलं, असू दे बाबा. पूल पडतील त्याच्याविना.”

शैलेशनं सगळं सांगितलं. लहरी, ठसा, आक्काताई, ओले टॉवेल. निलेश आधी तोंड फिरवून ऐकत होता. टॉवेलांपाशी आल्यावर त्याच्या मिश्या हलल्या, पण हसला नाही.

“आन गार्गी?” त्यानं विचारलं.

“तिचा निरोपच नाही. म्हणजे असंल, आत अडकला असंल. तुझ्या फोनवरून लाव बघू तिला.”

निलेशनं पल्लवीला हाक मारली. ती हात पुसत बाहेर आली, तिनं शैलेशच्या पाया पडून घेतलं आणि फोन आपल्याकडं घेऊन लावला. स्पीकरवर यांत्रिक आवाज आला, ‘गार्गी डुबल कामावर आहेत.’

“बोटीवर चढली ती, भाऊजी,” पल्लवी म्हणाली. “चार दिवस झाले. समुद्रात यंत्रं सोडायला जाणार, दीड वर्षाची नेमणूक. बोटीवर एकच नेटवर्क असतंय म्हणं, कंपनीचं. त्यामुळं कायद्यानं ती कामावरच. बंदराला लागली की मगच निरोप मिळायचे. आता दसऱ्याच्या आसपास अंदमानला लागंल.”

“जाताना काय म्हणाली?”

पल्लवीनं नवऱ्याकडं पाहिलं. “म्हणाली, बाबांना सगळं लिहिलंय. आम्ही विचारलं काय लिहिलंस, तर सांगितलं नाही. ते आमचं आहे म्हणाली. लई रडत होती.”

दुकानात ग्रीसचा वास भरून राहिला होता आणि समोर निलेश एक बोल्ट उगाच बोटांत फिरवत होता.

“निलेश, माझ्या घरी येता का दोघं? आत्ता.” हे एवढे चार-पाच शब्द काढायला त्याला दोन वर्षं लागली होती. “चहा प्यायला. नुसतं हिंडा-फिरा घरात.”

“नुसतं हिंडायला?” निलेशनं बोल्ट खाली ठेवला. “पल्लवी, चल. आधी हे दुकान बंद कर गं. दादानं बोलावलंय, परत कधी बोलवंल काय नेम नाही.”

कऱ्हाडच्या घराचं दार उघडल्याबरोबर पल्लवी तडक स्वयंपाकघरात गेली आणि डबे उघडझाप करायला लागली. “साखरेला मुंग्या लागल्यात, भाऊजी.” निलेश हॉलमध्ये येरझाऱ्या घालत भिंतीवरची ओल, गळका नळ, बंद पडलेलं घड्याळ, एकेकाचा उद्धार करत होता. शैलेश लॅपटॉपपुढं उभा होता. दहावीच्या निकालाला तो एवढा घाबरला नव्हता. स्क्रीनवर अजून ऑफिसचीच पाटी होती.

“दादा, वहिनीचं ते स्टूल कुठंय?” निलेश आतून ओरडला. “माळा बघतो जरा.” धप्प असा आवाज झाला, पल्लवी त्याला रागावली, तो तिला उलट बोलला, आणि त्या भांडणातच लॅपटॉपनं हलकी घंटा वाजवली.

‘घरी स्वागत आहे.’

निरोप येऊ लागले. आत्याच्या आजारपणाचे, निलेशचे, सोसायटीचे. त्यांत मध्ये मध्ये गार्गी.

‘बाबा, जेवलात का? आक्काताईंशी वाद घालू नका.’

‘बाबा, बोटीवरची जागा आलीय. पगार चांगला आहे. पण दीड वर्ष. काय करू?’

‘कामावर दिसताय. मोकळे झालात की लिहा.’

‘बाबा, एक विचारू? या वर्षी गणपती परत आपल्याकडं आणू या का? तुम्ही एकदा हो म्हणा, मी बोटीला नाही म्हणते. मला जायचं नाहीये खरं म्हणजे. मला घरी यायचंय. पण घरी कुणी नसेल तर येऊन काय करू?’

‘बाबा, आज रविवार आहे. आज पण?’

‘आई दवाखान्यात होती तेव्हा नर्स रोज विचारायची, वडील कुठंयत? मी सांगायचे, बाबा कामावर आहेत. तेव्हा मला तुमचा राग नाही आला. कोयनेचा पूल होता, पावसाळा होता, मला कळत होतं. आता कुठला पूल आहे?’

‘ठीक आहे. मी हो म्हणून टाकलंय. उद्या चढते. तुम्ही काम करा. तब्येतीला जपा.’

शैलेशनं ते सगळं उभ्यानंच वाचलं. मशीन खोटं बोललं होतं, दिवसरात्र, आठवडेच्या आठवडे. पण पोरीला ते एकदाही खोटं वाटलं नव्हतं, आणि ही गोष्ट काही मशीनची नव्हती. त्यानं चष्मा काढला आणि तो रडला. निलेश माळ्यावरून डोकावला आणि पुन्हा आत सरकला.

मग त्यानं लिहिलं. ‘गार्गे, मला काही मिळालं नव्हतं. पण ते कारण पुरेसं नाही, हे मला कळतंय. गणपती आणतो. ये.’ पाठवलं. क्षणभरात उत्तर आलं.

‘गार्गी डुबल कामावर आहेत. आपला निरोप त्या मोकळ्या झाल्यावर पोचवला जाईल.’

चहा झाला. निलेश-पल्लवीला निघायला हवं होतं. शैलेशनं आणखी एक कप घ्या म्हणून पाहिलं, भजी आणतो म्हणाला, पण घरी मुलं होती. “दादा, पुढच्या रविवारी आम्ही सगळीच येतो,” निलेश चपला घालताना म्हणाला. “पर मधल्या वाराचं काय करणार?”

तेच शैलेशला पडलं होतं. ती बंदराला लागेल तो दिवस रविवारच असेल असं थोडंच आहे? फोन उघडताच तिला त्याच्या नावापुढं काय दिसणार?

दार अजून उघडं होतं तोवर त्यानं तन्वीनं सांगितलेली खूण शोधली. ‘दुसरा ठसा जोडा.’ मशीननं विचारलं, ‘व्यक्ती किती?’ त्यानं लिहिलं, एक. खाली जिन्यावर निलेशची पावलं विरली आणि तो सवयीनं खुर्चीत जाऊन बसला.

थोड्या वेळानं पाटी आली. ‘हा ठसा तुमच्या कार्यालयाशी जुळतो. कृपया घरी जसे वावरता तसे वावरा.’

घरी आपण कसे वावरतो? त्याला खरंच आठवेना. स्नेहल, गार्गी, आक्काताई, या सगळ्यांनी त्याच्या भोवती घर वावरून दाखवलं होतं आणि तो मधोमध खुर्चीत बसून राहिला होता. आयुष्यभर त्यानं घरात राहून केलेली एकमेव गोष्ट म्हणजे काम.

तो उठला. काय करायचं ते न सुचून आधी साखरेच्या मुंग्या झटकल्या. मग गळका नळ आवळला. गॅलरीतल्या वाळलेल्या तुळशीला पाणी घातलं. ती जगेल असं वाटत नव्हतं, तरी घातलं. निलेशनं माळ्यावरून काढून कोपऱ्यात ठेवलेला गणपतीचा चौरंग त्यानं ओल्या फडक्यानं पुसला. समया काळ्या पडल्या होत्या. चिंच भिजत घालून तो जमिनीवर मांडी घालून त्या घासत बसला, आणि घासताना उगाचच कुठली तरी अर्धीमुर्धी आरती गुणगुणू लागला. पुढची ओळ आठवेना तेव्हा पुन्हा पहिल्यापासून. झांजा पुसून ठेवताना त्यानं त्या एकदा वाजवल्या. रिकाम्या घरात तो आवाज इतका मोठा वाटला की त्यानं चटकन हातानं दाबून धरला.

संध्याकाळी त्यानं कुकर लावला. भात अंमळ गिचका झाला. ताट घेऊन तो टेबलाशी आला तेव्हा स्क्रीनवर पाटी दिसत होती. मशीननं ती कधी आणली ते त्याला कळलंही नव्हतं.

‘ही जागा घर म्हणून ओळखली. व्यक्ती: एक.’

त्यानं लॅपटॉप जरा बाजूला सरकवला आणि ताट मांडलं. कोपऱ्यात रिकामा चौरंग होता. मूर्ती सांगायला उद्या कुंभारवाड्यात जायचं होतं, आणि वाटेत आक्काताईंकडंही, पाया पडून म्हणायचं होतं, चुकलो, या. गणपती येतील आणि जातील, तेव्हा गार्गी कुठल्या तरी पाण्यावर असेल. नवरात्र बसेल. दसऱ्याच्या आसपास कधीतरी बोट अंदमानला लागेल आणि पोरगी फोन उघडेल.

जेवता जेवता त्यानं आपलं नाव उघडून पाहिलं, ती पाहील तसं. मग आणखी एकदा पाहिलं.

‘शैलेश डुबल घरी आहेत.’